राखाडी

पहाटे साडेचारला एफ्राइन पाचोळा उडवायचं यंत्र पाठीवर घेतो
आणि झाडांवर वारा सोडतो.
खालच्या वळणावर नवीन राहायला आलेली बाई विचारत होती,
एवढ्या अंधारात अंगण कोण झाडतंय?
अंगण नाही, बाई. दव झाडतोय.

ईल नदीवरून धुकं चढतं
ते रेडवुडांच्या कमरेशी दहा वाजेपर्यंत बसून असतं.
आणि माझी सत्तावीस झाडं,
माझ्या डोक्याच्या दीड हात वर,
रात्रभर न्हालेली, केस न पुसता उभी.

तक्रार करायला यंदा जागाच नव्हती.
जूनमध्ये मावा आला, ढालकिड्यांनी फस्त केला.
जुलैत खालच्या पानांवर भुरी, पिठाची बोटं पुसल्यासारखी;
तिला एक वाटी दूध, नऊ वाट्या पाणी.
वेंडेल असता तर म्हणाला असता,
माझ्या कॉफीत कधी एवढं घातलं नाहीस.
मग सप्टेंबरात बोंडं भरली. मनगटाएवढी.
नाकापेक्षा मोती जड.
फांद्यांना दोऱ्या बांधताना मी गुणगुणत होते,
हेही सांगून टाकते.

घट्ट बोंडात वारा शिरत नाही.
अळी शिरते.
नखाएवढा मातकट पतंग संध्याकाळी येऊन
एक ठिपका ठेवून जातो, बस.
ती आत खाते, आतच हागते,
आणि त्या ओल्या कणावर राखाडी बुरशी घर करते.
बाहेरून काही नाही. सगळं हिरवं, वास घमघमतो.
फक्त एक पान पिवळं.
धरून ओढलं तर हातात येतं,
जराही न भांडता.
न भांडता हातात येणाऱ्या गोष्टींची
मला या वयात भीती वाटते.

आता फवारायचं काही नाही. फुलोरा धरला की हात बांधले.
लोक हे छातीत ओढणार आहेत,
शिवाय प्रयोगशाळेतली ती मुलगी, चष्म्यावरून बघणारी.
उरते कात्री, स्पिरिटची बाटली, कागदी पिशवी.
आधी पिशवी बोंडावर चढवायची, अलगद,
मग खालून कापायचं.
नाहीतर धूर उठतो, बारीक,
आणि शेजारच्या झाडावर जाऊन बसतो.
दर कापाला कात्री पुसायची.
एफ्राइन पुसतो. मी कधीकधी विसरते.

पंच्याऐंशी साली आम्ही झाडं मँझनिटाखाली वाकवून बांधायचो.
हेलिकॉप्टर कुठल्या डोंगरामागे आहे
ते वेंडेल चमचा खाली ठेवून सांगायचा.
दोनदा सगळं उपटून नेलं; एकदा त्यालाही.
आता परवाना काचेत, भिंतीवर, फ्रिजच्या वर.
तरी कान अजून वरच असतात.
पतंगाला आवाज नसतो.

सोमवारी थोरलीवर एक पिवळं पान दिसलं.
थोरली म्हणजे त्याने राखलेल्या बियांतली शेवटची.
मी दुसरीकडे बघितलं.
भिंगातून पाहिलं होतं, दाणे अजून दुधी होते,
मधाचा रंग यायला पाच दिवस तरी हवेत.
पाच दिवस, एवढंच मागत होते. कुणाकडे, ते माहीत नाही.

गुरुवारी पाहते तर त्या फांदीवर पिशवी.
तोंड सुतळीने बांधलेलं, सुतळी भिजून काळी,
म्हणजे आजची नव्हे.
एफ्राइन नळाशी बादली धूत होता, खूप वेळ.
सोमवारपासून? मी विचारलं.
हो, म्हणाला. कापायचं तुम्ही ठरवायचं.

पूर्ण झाड उतरवलं. दुपार गेली.
एक बोंड मी मुद्दाम उघडलं, उघडू नये ते:
आत राख, आणि राखेच्या कडेला ती,
हिरवीगार, गुबगुबीत, जेवणातून मान वर न काढणारी.
चाळीस वर्षांत एवढ्या शांतपणे
माझा माल कुणी जप्त केला नव्हता.

कुंपणावर निळा जे पक्षी केव्हाचा ओरडत होता.
त्याच्यासमोर ठेवली.
एफ्राइनने स्पिरिटची बाटली पुढे केली.
या वेळी पुसली.